आठ आणे, नऊ महिने आणि ना. म. जोशी

कर्नाटक सरकारने ३० ऑगस्ट २०२३ रोजी म्हैसूरच्या महाराजा कॉलेजच्या मैदानावर गृहलक्ष्मी योजनेचा प्रारंभ केला. कुटुंबप्रमुख म्हणून शिधापत्रिकेवर नाव असलेल्या स्त्रीच्या खात्यात दरमहा दोन हजार रुपये, असे तिचे स्वरूप. या मैदानापासून सरस्वतीपुरम फार दूर नाही. विद्यापीठ आणि केंद्रीय संशोधन संस्था यांच्या सान्निध्यात वाढलेली ही म्हैसूरमधील जुनी मध्यमवर्गीय वसाहत. अशा वसाहतीत बदलीवर आलेल्या एखाद्या मराठी अधिकाऱ्याची पत्नी या योजनेस अपात्र ठरते, कारण पती प्राप्तिकर भरतो. त्याच घरी धुणीभांडी करणारी, सोलापूर वा सांगलीकडून पोटासाठी आलेली स्त्रीही अपात्रच ठरते, कारण तिची शिधापत्रिका महाराष्ट्राची असते. पहिलीला गरज नाही म्हणून वगळले. दुसरीला गरज असूनही कागद दुसऱ्या राज्याचा म्हणून वगळले. महाराष्ट्राच्या २०२४ च्या लाडकी बहीण योजनेत पंधराशे रुपयांसाठी वय, अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा आणि महाराष्ट्रातील रहिवास अशा अटी आल्या, तेव्हा हीच स्त्री तेथेही उंबरठ्यावर राहिली.

मदत किती द्यायची याची चर्चा सभागृहात गाजते. ती कोणाला द्यायची नाही, हे मात्र नियमांच्या परिशिष्टात, फारसा गाजावाजा न होता ठरते. आई होणाऱ्या स्त्रीला राज्यव्यवस्थेने उत्पन्नाचा आधार द्यावा काय, आणि दिल्यास त्यासाठी तिने काय सिद्ध करावे, हा प्रश्न देशाच्या मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयकाच्या रूपाने प्रथम उपस्थित करणारा माणूस मराठी होता. मुंबईत डिलाइल रोडला त्याचे नाव आहे. ना. म. जोशी मार्गावरून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना ते नारायण मल्हार जोशी कोण होते हे सांगता येईल, याविषयी शंकाच आहे.

जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. पुण्यात शिक्षण, पदवी आणि त्यानंतर काही वर्षे शिक्षकी, असा त्या पिढीतील मध्यमवर्गीय तरुणाचा नेहमीचा मार्ग त्यांनीही चोखाळला. १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि आयुष्याची दिशा ठरली. गोखल्यांच्या या शिष्यपरिवारात सभा गाजवणाऱ्यांपेक्षा आकडेवारी वाचणाऱ्यांना मान होता. जोशी त्या मुशीत चपखल बसले. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. गिरणगावात रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने असे काम सुरू झाले. परळचे दामोदर हॉल याच संस्थेचे. कामगार रंगभूमीचा इतिहास लिहिणारे त्याचा उल्लेख करतात, पण ती वास्तू कोणत्या खटपटीतून उभी राहिली हे सहसा सांगत नाहीत.

समाजसेवक म्हणून चाळीत शिरलेल्या जोशींना दिसले ते असे. त्या काळी मुंबईच्या कापड गिरण्यांत साधारण पाचात एक कामगार स्त्री होती. बहुतेक जणी वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात होत्या. मजुरी कामाच्या मापावर मिळत असे, त्यामुळे गैरहजेरी म्हणजे शून्य कमाई. बाळंतपणाच्या अगदी तोंडावर येईपर्यंत बाई साच्याजवळ उभी राही आणि प्रसूतीनंतर शक्य तितक्या लवकर परत येई. तोवर तिची जागा टिकली तर टिकली, कारण खात्यावरील भरती नायकिणीच्या हाती होती आणि तिला दस्तुरी दिल्याशिवाय पुन्हा आत घेतले जाण्याची खात्री नव्हती. घरी ठेवलेल्या तान्ह्या मुलाने झोपून राहावे म्हणून त्याला अफूची गोळी दिली जाई. मुंबई सरकारने १९२० च्या दशकाच्या प्रारंभी नेमलेल्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांच्या पाहणीत ही गोष्ट सरकारी कागदावरच आली.

१९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषद प्रथमच भरली आणि भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी तेथे गेले. त्या परिषदेत मातृत्वाच्या संरक्षणाचा करार संमत झाला. प्रसूतीनंतर सहा आठवडे स्त्रीला कामावर ठेवू नये. त्याआधीचे सहा आठवडे तिला रजा घेता यावी. आणि या काळात तिच्या व मुलाच्या निर्वाहापुरती रक्कम सार्वजनिक तिजोरीतून किंवा विमा पद्धतीने मिळावी, असा त्याचा आशय. यातील मेख शेवटच्या कलमात होती. पैसा मालकाने द्यायचा नव्हता, समाजाने द्यायचा होता. स्त्रीचे वय, तिचे राष्ट्रीयत्व आणि ती विवाहित आहे किंवा नाही हेही आड येणार नव्हते. भारतासाठी मात्र परिषदेने वेगळी वाट ठेवली. भारत सरकारने या प्रश्नाचा अभ्यास करावा आणि पुढे अहवाल द्यावा, एवढ्यावर काम भागले. भारताने हा करार मान्य केला नाही. त्यानंतरच्या सुधारित करारांवरही भारताची मोहोर उमटलेली नाही.

वॉशिंग्टनचे प्रतिनिधी सरकारने नेमले होते. कामगारांचा प्रतिनिधी कामगारांनी पाठवावा तर देशव्यापी संघटना हवी, या निकडीतूनही १९२० च्या ऑक्टोबरात मुंबईत आयटकची स्थापना झाली. लाला लजपतराय अध्यक्ष झाले. संघटनेचा रोजचा गाडा ओढणाऱ्यांत जोशी होते आणि १९२५ पासून सरचिटणीसपद त्यांच्याकडे आले.

१९२१ मध्ये नवे मध्यवर्ती कायदेमंडळ अस्तित्वात आले, तेव्हा कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशींना नियुक्त केले. त्यानंतर जवळपास पाव शतक ते सभागृहात राहिले. नियुक्त सदस्य म्हणजे सरकारचा हुकमी मतदार, हा तेव्हाचा सर्वसाधारण समज. जोशींनी तो खोटा ठरवला, पण त्या बिरुदातून त्यांची पूर्ण सुटका कधी झाली नाही. डाव्यांना ते सरकारी वाटत, सरकारी बाकांना ते अडचणीचे वाटत. आल्याबरोबर त्यांनी कामगार संघांच्या नोंदणीचा व संरक्षणाचा ठराव मांडला. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याची सुरुवात तेथे आहे.

संसदेची आजची जुनी इमारत तेव्हा बांधून व्हायची होती. कायदेमंडळ हिवाळ्यात दिल्लीच्या जुन्या सचिवालयात, म्हणजे आज दिल्ली विधानसभा जेथे बसते तेथे, आणि पावसाळ्यात सिमल्यास भरे. १९२४ च्या सप्टेंबरात जोशींनी प्रसूती लाभाचे खासगी विधेयक मांडले. कारखाने, खाणी आणि आसामचे चहामळे या तिन्ही ठिकाणच्या स्त्रियांना ते लागू व्हायचे होते. प्रसूतीच्या आधी व नंतर ठरावीक काळ कामापासून मोकळीक आणि त्या काळासाठी लाभ, ही त्याची दोन अंगे. हा लाभ देण्यासाठी प्रांतिक सरकारांनी प्रसूती लाभ निधी उभारावा, अशी तरतूद होती. एकेका मालकावर एकेका बाळंतपणाचा खर्च पडू नये, यासाठीची ती योजना होती. निधी सामाईक असला म्हणजे बाई गरोदर राहिली म्हणून तिला काढण्यात मालकाचा फायदा उरत नाही. कायद्याच्या मसुद्यातील हे एक साधे यंत्र आणि जोशींच्या विधेयकाचा प्राण तेथेच होता.

विधेयकावरील आक्षेप आज वाचले तर ओळखीचे वाटतील. कामगार स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जातात, तेव्हा त्यांच्यावर लक्ष कसे ठेवणार? गरोदरपणाचा दाखला देण्यास महिला डॉक्टर कोठून आणणार? कामगार आज येथे, उद्या तेथे. त्याची नोंद कोण ठेवणार? थोडक्यात, स्थलांतरित स्त्रीची पात्रता सिद्ध करणे कठीण, म्हणून तिला लाभच नको. प्रशासनाची अडचण हाच हक्क नाकारण्याचा आधार झाला. १९२५ मध्ये सभागृहाने विधेयक फेटाळले. स्वराज्य पक्षाचे दिग्गज त्या सभागृहात होते आणि राष्ट्रीय प्रश्नांवर सरकारला नमवण्याइतके बळ त्यांच्याकडे अनेकदा असे. गिरणी आणि मळ्यातील बाईसाठी असे बळ उभे राहिले नाही, याची नोंद घेणे भाग आहे.

मध्यवर्ती दार बंद झाल्यावर प्रश्न प्रांतांकडे वळला. मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर असवले यांनी १९२८ मध्ये प्रसूती लाभाचे विधेयक आणले. त्याला पाठिंबा देणाऱ्यांत कौन्सिलचे तरुण नियुक्त सदस्य डॉ. भीमराव आंबेडकर होते. मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याने खर्चाचा मोठा वाटा वस्तुतः सरकारने उचलावा, पण स्त्रीच्या श्रमातून नफा मिळवणारा मालकही मोकळा सुटू नये, अशी भूमिका त्यांनी घेतली. एकट्या मुंबईच्या गिरण्यांवर हा बोजा टाकला तर इतर प्रांतांशी स्पर्धा कशी करावी, ही मालकांची तक्रार होतीच. अखिल भारतीय कायदा तीन वर्षांपूर्वीच पाडला गेला होता, याची आठवण त्या तक्रारीत सोयीस्करपणे नव्हती.

मुंबईचा प्रसूती लाभ कायदा १९२९ मध्ये झाला. दिवसाला आठ आणे, सुमारे सात आठवडे. देशातील हा पहिला असा कायदा, आणि त्याचे श्रेय मुंबईला द्यावेच लागेल. परंतु जोशींच्या विधेयकातील निधी त्यात नव्हता. पैसे मालकाने थेट द्यायचे होते आणि त्यासाठी बाईने त्याच्याकडे सलग काही महिने नोकरी केलेली असायला हवी होती. ही मुदत पुढे नऊ महिने झाली. या दोन तरतुदी एकत्र आल्या की काय होते ते गिरणगावाने लवकरच पाहिले. लाभ टाळायचा तर मालकाला फक्त नऊ महिने पुरे होऊ द्यायचे नव्हते, किंवा पोट दिसू लागताच नाव हजेरीपटावरून काढायचे होते. असे काढणे रोखण्याची कलमे नंतर आली. तोवर अनेक खात्यांत स्त्रियांऐवजी पुरुष घेण्याची सवय मालकांना लागली होती. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण पूर्वीच्या जवळपास निम्म्यावर आले. याला एकटा प्रसूती लाभाचा कायदा कारण नव्हता. रात्रपाळीवरील बंदी आणि यंत्रांची नवी मांडणी यांचाही त्यात हात होता. तरी लाभाचा खर्च ज्या मालकाच्या खिशातून, भरतीचा निर्णयही त्याच्याच हाती, या रचनेने स्त्रीची नोकरी धोक्यात टाकली, हे नाकारता येत नाही.

मुंबईमागोमाग १९३० मध्ये मध्य प्रांताने, १९३४ मध्ये मद्रासने कायदा केला. संस्थानांपैकी म्हैसूरने १९३७ मध्ये आपला प्रसूती लाभ कायदा आणला. संयुक्त प्रांत, बंगाल, पंजाब पुढे आले. सर्वत्र नमुना थोडाफार मुंबईचाच होता, आणि नमुन्याबरोबर त्यातील उणीवही सर्वत्र गेली.

या काळातील जोशींची भूमिका थोडी गुंतागुंतीची आहे. १९२९ ते १९३१ या काळात भारतातील कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटले आयोगाचे ते सदस्य होते. त्या आयोगाने प्रसूती लाभ देशभर सक्तीचा करण्याची शिफारस केली ही मोठी गोष्ट. मात्र आजारविमा येईपर्यंत खर्च मालकाने करावा, आणि पात्रतेची मुदत नऊ महिन्यांच्या खाली नसावी, अशी भूमिकाही त्याच अहवालात आहे. बारमाही कारखान्यांबाहेरच्या स्त्रिया तूर्त बाजूला राहिल्या. १९२४ मध्ये खाण आणि मळा यांना कारखान्याच्या बरोबरीने धरणाऱ्या जोशींनी इतके कमी का पत्करले? जे आज पदरात पडेल ते घ्यावे आणि उरलेले उद्या मागावे, ही गोखल्यांच्या परंपरेची रीत होती. तिचे फळ म्हणजे कायद्याच्या पुस्तकात आलेली कलमे. तिची किंमत मात्र ज्यांचे उरलेले मागायचे राहून गेले त्यांनी दिली.

कामगार चळवळीतही जोशींवर याच कारणाने टीका होत राहिली. १९२९ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली नागपुरात झालेल्या आयटकच्या अधिवेशनात फूट पडली. व्हिटले आयोगावरील बहिष्कार हा वादाचा एक मुद्दा होता. जोशी, व्ही. व्ही. गिरी आदी मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी वेगळा महासंघ काढला. गोलमेज परिषदांना जोशी गेले, जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या नियामक मंडळात त्यांनी अनेक वर्षे काम केले. दशकभराने दोन्ही प्रवाह पुन्हा एकत्र आले तेव्हा सरचिटणीसपदासाठी सर्वांना चालणारे नाव जोशींचेच निघाले. १९४० मध्ये त्यांनी भारत सेवक समाजही सोडला आणि १९४८ पर्यंत आयटकचे सरचिटणीसपद सांभाळले. ज्यांनी त्यांना सरकारधार्जिणे म्हटले होते त्यांच्याचबरोबर ते आता काम करीत होते.

१९४१ मध्ये खाणींतील स्त्रियांसाठी केंद्राने प्रसूती लाभाचा स्वतंत्र कायदा केला. १९२४ च्या विधेयकातला एक तुकडा सतरा वर्षांनी मंजूर झाला, असे म्हणता येईल. निधीच्या कल्पनेला त्याहून अधिक थांबावे लागले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. आंबेडकर मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. त्यांच्या १९४४ च्या अहवालातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा निघाला. मालक आणि कामगार यांच्या वर्गणीतून सामाईक निधी आणि त्यातून प्रसूती लाभ, ही व्यवस्था २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. बाळंतपणाचा खर्च एका मालकाच्या माथी न मारण्याचे तत्त्व अखेर अंमलात आले, ते वर्गणी भरणाऱ्या आस्थापनांपुरतेच. ३० मे १९५५ रोजी जोशींचे निधन झाले.

देशभरासाठी एकच प्रसूती लाभ कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, १९६१ मध्ये आला. दिल्लीकरांना त्यातील एक कलम रंजक वाटेल. नव्या कायद्याने दिल्लीच्या कारखान्यांपुरता जो जुना कायदा रद्द केला, तो १९२९ चा मुंबईचा कायदाच होता. गिरणगावासाठी झालेला कायदा राजधानीतही लागू होता. विम्याच्या कक्षेबाहेर मात्र खर्च पुन्हा मालकावरच आला आणि पात्रतेसाठी वर्षभरात १६० दिवसांची नोकरी ठरली; १९८८ मध्ये ती ८० दिवसांवर आली. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावर रोजंदारीने वर्षानुवर्षे राबणाऱ्या स्त्रियांना या कायद्याचा लाभ मिळावा हे सांगण्यासाठी २००० साल उजाडले आणि सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. २०१७ च्या दुरुस्तीने रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची केली. खर्चाची बाजू मात्र तिने बदलली नाही.

हजेरीपटावर कधीच नाव नसणाऱ्या आईचा विचार २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने केला. सरकारी वा तत्सम नियमित नोकरीतील स्त्रिया वगळता प्रत्येक गर्भवती व स्तनदा मातेस किमान सहा हजार रुपये, अशी त्याची भाषा आहे. अपत्याची संख्या त्यात नाही. ती आली २०१७ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री मातृवंदना योजनेच्या नियमांत. तेथे पाच हजार रुपये पहिल्या हयात अपत्यापुरते ठरले. एप्रिल २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर सहा हजार रुपयांची सोय झाली. दुसरा मुलगा झाला तर आई तीच, अशक्तपणा तोच, बुडालेली मजुरीही तेवढीच. पण पात्रता नाही. ब्रिटनने १९४५ मध्ये कुटुंबभत्त्याचा कायदा केला तेव्हा पहिले मूल वगळून दुसऱ्यापासून पुढे भत्ता दिला, कारण मुले वाढली की घरखर्चाचा ताण वाढतो. तेथे भत्त्याची अट गरजेवर बेतली, येथे ती लोकसंख्येच्या धोरणावर बेतली. केंद्रीय कर्मचारी स्त्रीला मिळणारी १८० दिवसांची पगारी रजाही दोनहून कमी हयात अपत्ये असण्याच्या अटीस बांधलेली आहे.

१९६१ चा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. आस्थापनेतील स्त्रीसाठी वर्षभरातील ८० दिवसांची अट तिच्यात कायम आहे. असंघटित कामगार आणि ॲपवरून काम मिळवणारे कामगार यांच्या प्रसूती लाभासाठी संहितेने योजना आखण्याचे काम सरकारवर सोपवले आहे. सरस्वतीपुरममध्ये धुणीभांडी करणाऱ्या सोलापूरच्या बाईची पात्रता आता त्या योजनांच्या नियमांवर अवलंबून राहील. तिच्याकडून कोणत्या राज्याचा कागद मागायचा, हेही तेथेच ठरेल.